अंगठ्यापासून ओटीपीपर्यंत

(सामुदायिक रेडिओवरून दिलेलं भाषण)

हातातलं काम चालू ठेवा. भाकरी थापता थापता ऐकलं तरी चालेल. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हा आपला नव्हेच. विषय आहे इन्कम टॅक्सचा, म्हणजे आयकराचा, आणि त्याच्या रिटर्नमधल्या चुका तपासण्याचा. "आपल्याला कुठला आलाय टॅक्स?" असं आमच्या गटातल्या एक वहिनीही म्हणत होत्या. त्यांचं नाव सांगत नाही, गोष्ट तेवढी सांगते.

वहिनींचा नवरा अपघातात गेला. विम्याचे दहा लाख आले, ते त्यांनी बँकेत ठेवीत टाकले. मुलगी शिकतेय, तिच्यासाठी. वर्षाचं व्याज आलं सत्तर हजार. पण त्यातले सात हजार बँकेने कर म्हणून आधीच कापून सरकारजमा केले. नियमच तसा आहे. शिवणकामाचे वर्षाला साठएक हजार धरले तरी वहिनींचं उत्पन्न कर लागण्याइतकं नव्हतं. म्हणजे ते सात हजार त्यांचेच. फक्त रिटर्न भरून परत मागायचे होते.

वहिनी तालुक्याला एका सेवा केंद्रात गेल्या. मुलाने कॉम्प्युटरवर टपाटप बटणं दाबली आणि म्हणाला, "मावशी, मोबाईलवर नंबर आला असेल, तो सांगा." वहिनींनी ओटीपी सांगितला, पैसे दिले आणि एस.टी. धरून घरी आल्या. वर्ष होत आलं तरी सात हजार काही आले नाहीत.

गटाच्या बैठकीत आम्ही तो कागद उघडला. व्याजाच्या रकान्यात ७,००० लिहिलं होतं आणि कापलेल्या कराच्या रकान्यातही ७,०००. सत्तर हजारांची नोंदच नव्हती. शिवणकामाचे पैसे धरलेच नव्हते. बँकेचा खाते क्रमांक जुना, बंद झालेल्या खात्याचा होता. आणि ई-मेलच्या जागी त्या मुलाने स्वतःचाच पत्ता टाकला होता. त्यामुळे खात्याकडून "तुमच्या आकड्यांत फरक आहे" असं पत्र आलं, ते त्याच्याकडे गेलं. वहिनींना पत्ताच नाही.

तो मुलगा वाईट नव्हता. त्याच्यापुढे वीस माणसं उभी होती. पण सायंकाळी वहिनी एकच म्हणाल्या, "मी तर सहीसुद्धा केली नव्हती गं." तेव्हा आमच्या लक्षात आलं, की केली होती. ओटीपी सांगितला तीच सही होती. पूर्वी आपल्या आज्या न वाचता अंगठा देत होत्या, आपण न वाचता ओटीपी देतो. हा अंगठ्याचा आणि ओटीपीचा धागा किती जुना आहे, तो आज तुमच्यापुढे उलगडायचा आहे.

सुरुवात होते १८५७ च्या उठावापासून. तो मोडण्यात इंग्रज सरकारची तिजोरी रिकामी झाली. तेव्हा विलायतेहून एक हिशेबनीस मंत्री आणला, जेम्स विल्सन. हा मूळचा स्कॉटलंडचा, टोप्यांच्या धंद्यातून वर आलेला, 'इकॉनॉमिस्ट' नावाचं साप्ताहिक काढणारा. त्याने फेब्रुवारी १८६० मध्ये अंदाजपत्रक मांडलं आणि २४ जुलै १८६० रोजी आयकराचा पहिला कायदा झाला. म्हणूनच आजही २४ जुलैला आयकर दिन पाळतात. वर्षाला दोनशे रुपयांच्या आत उत्पन्न असेल तर माफी. दोनशे ते पाचशेपर्यंत शंभराला दोन रुपये, त्याच्या वर शंभराला चार. शेतजमिनीचं उत्पन्नही त्या वेळी या कराच्या कक्षेत होतं. मद्रासचा गव्हर्नर ट्रेव्हेलियन याने या कराला उघड विरोध केला, तर त्याला परत बोलावून घेतलं. विल्सन मात्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कलकत्त्यात आजाराने वारला. कायदा पाच वर्षांसाठी होता. १८६५ साली तो संपला, पण पुढे नाव बदलून, रूप बदलून कर येत-जात राहिला.

आता विचार करा. उत्पन्नावर कर घ्यायचा तर उत्पन्न किती ते आधी कोणीतरी लिहायला हवं. पण लिहिता येणारी माणसं गावात किती होती? बोटावर मोजण्याइतकी. मग ज्याच्या हातात लेखणी, त्याचाच आकडा खरा. ही अडचण एकट्या आयकराची नव्हती. आपल्या मुलखात ती सावकाराच्या कागदात सर्वांत जास्त सोसली गेली.

पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव पुष्कळजणींना माहीत असेल. १२ मे १८७५ ला तिथल्या बाजारात शेतकरी जमले आणि सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना पैसे नको होते, धान्य नको होतं. त्यांना हवे होते कर्जरोखे आणि खातेवह्या. ते कागद काढून त्यांनी जाळले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या गावोगावी पसरलं.

कागदांवरच एवढा राग का? कारण १८५९ च्या कायद्याने कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची केली होती. सावकाराने मनमानी व्याज लावून वर्षानुवर्षं वसुली करू नये, हा हेतू. घडलं उलटंच. दर तीन वर्षांनी सावकार नवा रोखा लिहून घेई. जुनं मुद्दल अधिक व्याज मिळून नवं मुद्दल होई आणि त्याच्यावर पुन्हा व्याज सुरू. फेडलेल्या पैशाची पावती नाही. आणि कागदाच्या खाली शेतकऱ्याची निशाणी असायचीच. काय लिहिलंय ते त्याला कोणी वाचून दाखवलेलं नसायचं.

सरकारने चौकशी समिती नेमली आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर हे चार जिल्हे डोळ्यांपुढे ठेवून. त्या कायद्यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एक, शेतकऱ्याचा रोखा गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावा, त्याने तो वाचून दाखवावा, समजला याची खात्री करावी आणि मग सही-निशाणी घ्यावी. दुसरी, पैसे दिले की शेतकऱ्याला लेखी पावती मिळावी, वर्षाचा हिशेब लेखी मिळावा आणि मागेल तेव्हा पासबुकात नोंद करून मिळावी. हे हक्क म्हणून दिले गेले. आज बचत गटात आपण पासबुकासाठी भांडतो ना, त्या भांडणाची मुळं इतकी जुनी आहेत. कायद्याने सावकारी संपली नाही, हेही खरं. पण कागद वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही, ही गोष्ट कायद्यात लिहिली गेली.

आता परत आयकराकडे येऊ. १८८६ साली कायमचा म्हणावा असा आयकर कायदा आला. त्यात शेतीचं उत्पन्न वगळलं. शेतीवर आयकर नाही हे आपण आज म्हणतो, त्याचा पाया इथे आहे. वर्षाला पाचशे रुपयांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांना माफी होती. दोन हजारांखालच्या छोट्या व्यापाऱ्या-उदिमींची यादी कलेक्टरच्या कचेरीत तयार होई. अमक्याचं उत्पन्न इतकं, कर इतका. ती यादी जाऊन बघायची आणि आकडा पटला नाही तर अर्ज करायचा. म्हणजे आकडा सरकारचा, आणि चूक असेल तर ती शोधायचं काम माणसाचं. जो यादी बघायला गेलाच नाही, त्याच्या नावावरचा आकडा तसाच राहिला.

१९२२ च्या कायद्याने चित्र पालटायला लागलं. विवरणपत्र, म्हणजे रिटर्न, ही कराची मुख्य गोष्ट झाली. माणसाने आपलं उत्पन्न स्वतः लिहून द्यायचं, अधिकाऱ्याने ते तपासायचं. आणि त्याच कायद्यात एक शहाणपणाची तरतूद होती. लिहून दिल्यावर लक्षात आलं, की काही राहून गेलं किंवा चुकीचं लिहिलं गेलं, तर आकारणी होण्याआधी दुरुस्त विवरणपत्र देता येईल. अधिकाऱ्याच्या हुकमात उघड दिसणारी चूक असेल तर तीही दुरुस्त करण्याची सोय वेगळ्या कलमात केली होती. मैत्रिणींनो, हे मुद्दाम सांगते. चूक झाली की आपण घाबरतो, कागद ट्रंकेत तळाशी ठेवतो. पण स्वतःहून चूक सांगून सुधारण्याची वाट कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच ठेवली आहे. १९६१ च्या कायद्याने ती पुढे चालवली. आता १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा लागू झाला. कलमांचे आकडे बदलले, तरी दुरुस्तीची वाट आहेच. मुदत मात्र असते, ती त्या त्या वर्षी विचारून घ्यावी.

मधल्या काळात बायकांच्या वाट्याला काय आलं, तेही बघू. १९३७ साली कायद्यात एक बदल झाला. नवऱ्याने मोबदला न घेता बायकोच्या नावावर मालमत्ता केली, तर तिचं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात धरायचं. कारण उघड होतं. कर वाचवायला बायकोचं नाव, आणि पैसा मात्र तिच्या हातात कधीच नाही. हा नियम आजही आहे. म्हणून नवऱ्याच्या पैशाची ठेव तुमच्या नावावर असेल, तर तिचं व्याज कोणाच्या रिटर्नमध्ये दाखवायचं हे विचारा. स्वतःच्या कमाईचं, माहेरकडून आलेल्या पैशाचं, वारसाहक्काने मिळालेल्याचं उत्पन्न मात्र तुमचंच. आमच्या वहिनींची विम्याची रक्कम त्यांचीच, म्हणून व्याजही त्यांचंच. आणखी एक. पूर्वी बायकांना पुरुषांपेक्षा थोड्या जास्त उत्पन्नापर्यंत करमाफी असे. २०११-१२ च्या आर्थिक वर्षात पुरुषांना १,८०,००० पर्यंत आणि बायकांना १,९०,००० पर्यंत होती. पुढच्या वर्षापासून दोघांना सारखीच २ लाख झाली. अजून कोणी "बायकांना वेगळी सूट असते" असं सांगत असेल, तर ती माहिती शिळी आहे.

स्वातंत्र्यानंतर रिटर्न भरणारे वाढत गेले. एकेक कागद अधिकाऱ्याने वाचायचा म्हटलं तर जन्म पुरायचा नाही. मग बहुतेकांचं रिटर्न लिहिलंय तसं मान्य करायचं आणि थोड्यांचंच बारकाईने तपासायचं, अशी रीत पडली. १९७० च्या दशकात पॅन क्रमांक आला, १९९५ पासून तो आजच्यासारखा दहा अक्षर-अंकांचा झाला. आता रिटर्न कॉम्प्युटरवर भरतात आणि ते बंगळुरूच्या केंद्रात यंत्रच आधी पडताळतं. नोव्हेंबर २०२१ पासून वार्षिक माहिती पत्रक मिळू लागलं, त्याला ए.आय.एस. म्हणतात. तुमच्या पॅनवर कुठल्या बँकेने किती व्याज दिलं, किती कर कापला, काय खरेदी-विक्री झाली, हे सगळं त्यात येतं. आणि रिटर्न उघडलं की बरेच रकाने आधीच भरलेले दिसतात.

बघा, फिरून आपण कुठे आलो. १८८६ साली यादी कचेरीत लागत होती, आज ती मोबाईलवर येते. आकडे पुन्हा दुसऱ्याने लिहिलेले आहेत. सोय मोठी आहे, नाकारत नाही. पण भरलेला रकाना दिसला की माणसाला वाटतं, सरकारनेच लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार. तसं नसतं. बँकेने चुकीच्या पॅनवर नोंद केली असेल, एकच व्याज दोनदा आलं असेल, एखादी नोंद आलीच नसेल. ए.आय.एस.मधली नोंद चूक असेल तर तिथेच तसं कळवण्याची सोय आहे. आणि यादीत नाही म्हणून उत्पन्न लपत नाही, ते आपणच लिहायचं. ओटीपी दिला की त्या प्रत्येक आकड्याखाली नाव आपलं.

मग आमच्या गटाने काय केलं ते सांगते. बैठकीत जशी आपण वही तपासतो, एकीने वाचायचं आणि दुसरीने पासबुकावर बोट ठेवायचं, तसंच वहिनींचं रिटर्न तपासलं. पाच जागी बोट ठेवलं.

पहिली जागा, नाव, पॅन, मोबाईल आणि ई-मेल. मोबाईल-ई-मेल आपला किंवा घरातल्या भरवशाच्या माणसाचा हवा, केंद्रवाल्याचा नको. दुसरी जागा, वर्ष. कुठल्या वर्षाचं उत्पन्न लिहितोय ते नीट बघायचं, कारण कमाईचं वर्ष आणि रिटर्नचं वर्ष यांत गल्लत फार होते. तिसरी जागा, उत्पन्न. सगळ्या बँकांची, पतसंस्थेची, पोस्टाची पासबुकं समोर ठेवायची, व्याज पूर्ण लिहायचं, कर कापून हातात आलेलं नव्हे. शिवण, दूध, मसाले, जे असेल ते धरायचं. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी पत्रकात त्याला वेगळी जागा आहे, ते तिथेच लिहायचं. चौथी जागा, कापलेला कर. तो बँकेच्या दाखल्याशी आणि ए.आय.एस.शी जुळतो का बघायचं. पाचवी जागा, बँक खातं. ते चालू हवं आणि पॅनला जोडलेलं हवं, परतावा तिथेच येतो. हे सगळं वाचून झालं, की मगच ओटीपी. भरल्यावर तीस दिवसांत ही पडताळणी झाली नाही, तर वेळेत रिटर्न भरलंच नाही असं धरतात. पोचपावती छापून फाईलला लावायची.

वहिनींच्या बाबतीत दुरुस्तीची मुदत अजून होती. सुधारित रिटर्न भरलं. व्याज ७०,०००, शिवणकाम वेगळं, कापलेला कर ७,०००, खातं चालू असलेलं. दोन महिन्यांनी सात हजार आणि वर थोडं व्याज जमा झालं. त्या दिवशी वहिनी पासबुक भरून घेऊन बैठकीला आल्या आणि त्यांनी तो आकडा सगळ्यांना दाखवला. पुढच्या वर्षासाठी, उत्पन्न कमी आहे म्हणून कर कापू नका, असं लिहून देण्याचा फॉर्मही बँकेत दिला. तो एप्रिलमध्येच द्यावा, म्हणजे कापाकापी होत नाही.

यातच एक सावधगिरीची गोष्ट. वहिनींची बातमी फुटल्यावर गावात एकजण आला. म्हणे, "सात हजार काय घेऊन बसलात, मी चाळीस हजार परत आणून देतो, त्यातले निम्मे माझे." बायांनो, परतावा म्हणजे बक्षीस नाही. जेवढा कर कापला किंवा भरला गेला, तेवढाच परत येतो, फार तर त्यावर थोडं व्याज. सात हजार कापले असतील तर चाळीस हजार कुठून येणार? असे लोक रिटर्नमध्ये न भरलेला विमा, न दिलेली देणगी, न कापलेला कर लिहितात. ते आपलं कमिशन घेऊन निघून जातात. नोटीस येते ती तुमच्या पॅनवर, आणि रक्कम दंड-व्याजासकट तुम्हालाच भरावी लागते. कारण खाली ओटीपी तुमचा असतो.

सुप्याच्या शेतकऱ्यांना आपल्या नावाचा कागद जाळावा लागला, कारण तो वाचण्याची, पडताळण्याची, दुरुस्त करण्याची सोय त्यांच्या हाती नव्हती. आपल्याला आहे. गटात चौथी शिकलेली बाई असली तरी आकडा वाचता येतो आणि पासबुकाशी जुळवता येतो. कर सल्लागार किंवा केंद्रवाला लिहील, त्याला त्याची फी द्यावी. पण वाचून दाखव म्हणावं. घाई करायला लागला तर "थांब बाबा, माझं नाव आहे त्यावर" एवढं म्हणायला शिकावं.

पुढच्या बैठकीला एक काम करा. ज्यांची बँकेत मोठी ठेव आहे, त्यांनी पासबुक, ठेवीची पावती आणि मागच्या वर्षी रिटर्न भरलं असेल तर त्याची प्रत घेऊन या. चहा ठेवा, दोघी-दोघी बसा आणि बोट ठेवून वाचा. काही अडलं तर तालुक्याच्या जाणत्या कर सल्लागाराला एकदा बैठकीलाच बोलवा. एकीचे सात हजार सापडले, तसे कोणाचे तरी सापडतीलच.